आपला हेल आणि त्यांची सिंफनी

(1995 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात देवबाग येथे केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं केलं आहे. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी सांगितलं होतं, की प्रत्येकानं आपल्या कामावर किंवा छंदावर पंधरा-वीस मिनिटं बोलायचं. माझं काम सॉफ्टवेअरचं. त्यावर बोलले तर मागच्या दोन रांगा हळूहळू सोलकढीच्या दिशेनं सरकतील, हे मला माहीत आहे. आठवीत भूमितीच्या तासाला याच रांगा खिडकीच्या दिशेनं सरकायच्या. म्हणून छंदावर बोलते. मला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकायला आवडतं. त्यातही एकोणिसाव्या शतकाचा शेवट आणि पहिल्या महायुद्धापर्यंतची वर्षं, ज्याला उत्तर-रोमँटिक काळ म्हणतात, तो माझा विशेष लाडका.

घाबरू नका. मला त्यातलं व्याकरण येत नाही, वाद्य तर कुठलंच वाजवता येत नाही. मी फक्त ऐकणारी आहे. पण ऐकता ऐकता मला त्यात आपल्या गावाचं काहीतरी सापडलं, आणि ते तुम्हालाच सांगण्यासारखं आहे. पुण्याच्या ऑफिसात सांगितलं असतं तर कोणाला कळलं नसतं.

आधी हा काळ कुठला ते सांगते. 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आलं. किर्लोस्करांनी चाली घेतल्या त्या कीर्तनातल्या, लावणीतल्या, बायकांच्या गाण्यांतल्या, कानडी पदांतल्या. नेमक्या त्याच वर्षांत तिकडे युरोपात संगीतकार असंच काहीतरी करत होते. वाद्यवृंद मोठा होत होता. पन्नासाचे ऐंशी वादक, ऐंशीचे शंभर. गुस्टाव्ह मालर या संगीतकाराची आठवी सिंफनी 1910 साली म्युनिकमध्ये पहिल्यांदा वाजली तेव्हा मंचावर गाणारे-वाजवणारे मिळून हजाराच्या आसपास माणसं होती. म्हणजे आपल्या पूर्ण वाडीतली माणसं एकाच वेळी, आणि तीही भांडण न करता!

हे संगीत आपल्याला वाटतं तितकं लांबचंही नाही. आपल्या तेरेखोलच्या खाडीपलीकडे गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना लिहिलेलं संगीत वाचून वाजवायला शिकवत. तिथून शिकलेले वादक मुंबईला आले आणि हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद त्यांच्या व्हायोलिनवर उभे राहिले. ‘अमर अकबर अँथनी’मधलं अँथनी गोन्साल्विस हे नाव सगळ्यांना पाठ आहे, ते मजोर्ड्याच्या खऱ्याखुऱ्या व्हायोलिनवादकाचं नाव. संगीतकार प्यारेलाल यांचे ते गुरू. शिष्यानं गाण्यातून गुरूला केलेला तो नमस्कार आहे. मुंबईत मेहली मेहतांनी 1935 साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, आणि पुढच्याच वर्षी जन्मलेला त्यांचा मुलगा झुबिन जगभरातल्या वाद्यवृंदांचा संचालक झाला. 2006 पासून नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. तिथे माइकशिवाय ऐंशी वाद्यं एकदम सुरू होतात तेव्हा छातीच्या पिंजऱ्यात जे होतं, ते आपल्याला नवीन नाही. पावसाळ्यात रात्री समुद्र फुटतो तेव्हा देवबागेत घराच्या भिंतीला पाठ लावून बसलं की तेच होतं.

मला हे संगीत भेटलं ते इंजिनिअरिंगला असताना. मुंबईत काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस नावाचं दुकान होतं. 2016 साली ते बंद झालं. तिथून मी एक कॅसेट घेतली, कारण ती त्या दिवशी सगळ्यांत स्वस्त होती. तिच्यावर होती आंतोनिन द्वोर्झाकची नववी सिंफनी, ‘नव्या जगातून’ या नावानं प्रसिद्ध असलेली. तिचा दुसरा भाग मी तुम्हाला दीड मिनिट ऐकवते. जे वाद्य एकटं गातं त्याला इंग्लिश हॉर्न म्हणतात. नावात हॉर्न असला तरी कूळ सनईचं. दोन पात्यांच्या पिपाणीतून फुंकायचं.

(इथे सिंफनीचा अंश ऐकवला.)

कसं वाटलं? मी सुट्टीत ही कॅसेट घरी लावली तेव्हा शेजारची काकी पडवीतून डोकावली आणि म्हणाली, “ह्या काय लावलंस गो? कोण गेलो की काय?” काकीचा अंदाज फार चुकीचा नव्हता. हे गाणं कोणी गेल्याचं नाही, पण घरापासून लांब असल्याचं आहे.

द्वोर्झाक हा बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, नेलाहोझेवेस नावाच्या नदीकाठच्या गावचा. बाप खाटीक, शिवाय खानावळ चालवणारा. त्या काळी तिथे राज्य ऑस्ट्रियाच्या सम्राटाचं आणि प्रतिष्ठेची भाषा जर्मन. चेक ही घरातली, बाजारातली, गोठ्यातली भाषा. द्वोर्झाकचे ‘स्लाव्होनिक नृत्य’ 1878 साली बर्लिनच्या प्रकाशकानं छापले आणि तो एकदम प्रसिद्ध झाला. पण प्रकाशक त्याचं नाव जर्मन पद्धतीनं ‘आंटोन’ छापायचा. द्वोर्झाक पत्रं लिहून भांडायचा, की माझं नाव आंतोनिन आहे. शेवटी दोघांनी तडजोड केली आणि नुसतं ‘आंत.’ छापायचं ठरलं. एवढा मोठा माणूस, आणि भांडण कशासाठी, तर नावातल्या दोन अक्षरांसाठी! मला हा प्रसंग वाचून फार बरं वाटलं. कारण हॉस्टेलात माझ्या बोलण्यातला हेल ऐकून मुली हसायच्या. “तू गातेस की बोलतेस?” असं विचारायच्या. पहिल्या सत्राच्या शेवटी मी पुस्तकातल्यासारखी मराठी बोलायला लागले होते, आणि मालवणी फक्त एसटीडी बूथवर घरी फोन करताना बाहेर निघायची. तुमच्यातल्या निम्म्यांचं तरी हेच झालं असणार.

1892 साली द्वोर्झाकला न्यूयॉर्कला बोलावलं गेलं. संगीत विद्यालयाचा संचालक म्हणून, वर्षाला 15,000 डॉलर पगारावर. आजच्या भाषेत ऑनसाइट! तिथे त्यानं काय केलं? हॅरी बर्ले नावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. त्याच्याकडून तो गुलामांच्या वंशजांची गाणी पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायचा. आणि अमेरिकनांना सांगायचा, की तुमचं मोठं संगीत यातून येणार आहे, आमच्या नकलेतून नाही. आत्ता ऐकलंत ती सिंफनी डिसेंबर 1893 मध्ये कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजली. पुढे तिच्या या चालीवर कोणीतरी शब्द बसवले, आणि अनेकांना ते जुनं लोकगीतच वाटतं. चाल मात्र द्वोर्झाकची स्वतःची आहे. त्या उन्हाळ्यात तो सुट्टीला कुठे गेला माहीत आहे? आयोवा राज्यातल्या स्पिलव्हिल नावाच्या खेड्यात. कारण तिथे चेक लोकांची वस्ती होती, आणि सकाळी उठल्यावर आपली भाषा कानावर पडायची. तिथे त्यानं दोन-अडीच आठवड्यांत एक अख्खी चौवादकी रचना लिहून काढली. मुंबईत गिरणगावातल्या खोल्यांमध्ये आपल्या गावचे लोक गावाच्या नावानं एकत्र राहायचे, गणपतीला भजनं करायचे, ते यापेक्षा वेगळं काय होतं?

आता मालरबद्दल एकच गोष्ट सांगते. हा तसा मोठ्या शहरांतला मोठा माणूस, व्हिएन्नाच्या ऑपेराचा संचालक. पण लहानपण गेलं इग्लाऊ नावाच्या छोट्या गावात, जिथे लष्कराचा तळ होता. बँडचे आवाज, बाजारातले आवाज, दारूच्या गुत्त्यातलं गाणं हे सगळं त्याच्या सिंफन्यांमध्ये येतं. पहिल्या सिंफनीत तर प्रेतयात्रेच्या चालीवर मध्येच गुत्त्यातला बँड घुसतो, आणि सुरुवातीला लोक त्यावर भडकले. त्याच्या एका मैत्रिणीनं लिहून ठेवलंय, की एकदा ते एका जत्रेपाशी गेले होते. एकीकडे पाळण्यांचं संगीत, दुसरीकडे लष्करी बँड, तिसरीकडे पुरुषांचं समूहगान. बाकीचे कानांवर हात ठेवून उभे, आणि मालर खूश. त्याच्या मते खरं बहुस्वरी संगीत हेच. मला हे वाचताना आंगणेवाडीच आठवली. भराडी देवीच्या रांगेत उभं राहिलं की एका कानात गाऱ्हाणं, दुसऱ्या कानात लाउडस्पीकर, मागे खाज्याच्या दुकानातली हाक, आणि कुठेतरी हरवलेल्या पोराच्या नावाचा पुकारा. मालर तिथे आला असता तर दर्शन न घेता रांगेतच उभा राहिला असता.

यापुढचा माणूस माझ्या मनात सगळ्यांत जवळ बसतो. एडवर्ड ग्रीग. नॉर्वेच्या बर्गनचा, म्हणजे समुद्राचा, मासळीचा, पावसाचा. उंची जेमतेम पाच फूट. घराच्या खाली पाण्याच्या काठी त्यानं एक खोपी बांधली होती, एक पियानो आणि एक टेबल मावेल एवढी. तिथे बसून तो लिहायचा. त्याचा पियानो कॉन्चेर्तो जगप्रसिद्ध आहे, तो जरूर ऐका. पण मला सांगायचंय ते त्याच्या म्हातारपणातल्या ‘स्लोत्तर’ नावाच्या नाचाच्या चालींबद्दल.

नॉर्वेच्या डोंगरात एक देशी व्हायोलिन असतं, हार्डांगर. त्याच्या वाजवायच्या तारांच्या खाली आणखी तारा असतात, ज्या आपोआप झणकारतात. आपल्या सारंगीला, सतारीला तरफेच्या तारा असतात ना, अगदी तशाच. हे वाद्य वाजवणारा क्नूट डाले नावाचा एक खेडूत होता. जुन्या उस्तादांकडून तोंडी आलेल्या चाली त्याच्याजवळ होत्या. त्याला कळत होतं, की नवी पोरं शिकायला येत नाहीत आणि आपण गेलो की या चाली आपल्याबरोबर जाणार. म्हणून त्यानं ग्रीगला पत्र लिहिलं: या लिहून घ्या. पहिल्या पत्रानंतर बरीच वर्षं गेली. 1901 साली त्यानं पुन्हा लिहिलं, तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा होता. ग्रीगनं योहान हाल्व्होर्सन या व्हायोलिनवादक मित्राला कामाला लावलं. हाल्व्होर्सननं म्हाताऱ्याला समोर बसवून सतरा चाली स्वर-स्वर करून उतरवून घेतल्या. मग ग्रीगनं त्या पियानोवर बसवल्या, आणि 1903 मध्ये दोन्ही छापून आलं: म्हाताऱ्याच्या चाली जशाच्या तशा, आणि ग्रीगची रचना.

मित्रांनो, यात तिघेजण आहेत. ज्याच्याजवळ होतं तो, ज्यानं उतरवून घेतलं तो, आणि ज्यानं त्याचं मोठं काहीतरी केलं तो. नाव तिसऱ्याचं होतं. पण पहिल्यानं हट्ट धरला नसता, आणि दुसरा कागद-पेन्सिल घेऊन बसला नसता, तर तिसऱ्याच्या हातात काहीच नसतं. आपल्यात कोणी ग्रीग नसेल. पण हाल्व्होर्सनचं काम आपल्याला जमण्यासारखं आहे. याकडे शेवटी येते.

फिनलंडचा सिबेलियस हा आणखी वेगळा. त्याच्या घरात स्वीडिश बोलत. फिनिश ही खालच्या लोकांची भाषा समजली जायची, ती तो शाळेत शिकला. देशावर राज्य रशियाच्या झारचं. 1899 साली वृत्तपत्रांवरच्या सेन्सॉरशिपच्या विरोधात एक कार्यक्रम झाला, त्यासाठी केलेल्या संगीतातून ‘फिनलंडिया’ तयार झालं. नावाची इतकी भीती होती, की ते वेगवेगळ्या निरुपद्रवी नावांखाली वाजवावं लागायचं. आठ-नऊ मिनिटांची रचना आहे. सुरुवातीला पितळी वाद्यांचं गुरगुरणं आणि शेवटी एक साधी प्रार्थनेसारखी चाल. याच सिबेलियसनं एप्रिल 1915 मध्ये घराजवळ सोळा हंस उडताना पाहिले आणि रोजनिशीत त्याची नोंद केली. पाचव्या सिंफनीच्या शेवटच्या भागात हॉर्नमधून जी झुलणारी चाल येते, ती त्या हंसांची. हिवाळ्यात संगमावर सीगलचा थवा उठतो तेव्हा मी मोबाइलवर ही चाल लावून बसते. एकदा तिथे पर्यटकांच्या बोटीवर जोरात वेगळंच गाणं लागलं होतं. सिबेलियसनं त्यापुढे शरणागती पत्करली.

आता तुम्ही म्हणाल, घरातल्या बोलीचं मोठं काहीतरी करणारी माणसं आपल्याकडे नाहीत का? आहेत ना. 1980 साली ‘वस्त्रहरण’ आलं. लेखक गंगाराम गवाणकर, आणि तात्या सरपंचाच्या भूमिकेत मच्छिंद्र कांबळी. गावातले लोक द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवतात, त्यांची बोली, त्यांचे रुसवे, त्यांच्या शिव्यासुद्धा. पाच हजारांवर प्रयोग झाले आणि नाटक लंडनला जाऊन आलं. तोपर्यंत मराठी नाटकात मालवणी बोलायचा तो नोकर किंवा विनोदापुरता गडी. ‘वस्त्रहरण’नं मालवणीला रंगमंचाच्या मधोमध आणून उभं केलं. आपल्या वर्गानं नववीच्या गॅदरिंगमध्ये त्यातला तुकडा केला होता, आणि ज्याला चार ओळीसुद्धा पाठ व्हायच्या नाहीत असा आपला एक मित्र त्या दिवशी न अडखळता अर्धा तास बोलला. तो आज मागच्या रांगेत बसलाय. नाव घेत नाही.

शेवटचा माणूस लिओश यानाचेक. रोमँटिक काळाच्या अगदी उंबरठ्यावरचा, एक पाय पुढच्या काळात टाकलेला. मोराव्हियातल्या हुकवाल्डी गावच्या शाळामास्तरांचा मुलगा, आणि स्वतःही जन्मभर संगीताचा शिक्षक. त्याला एक नाद होता. रस्त्यात, बाजारात, स्टेशनवर माणसं बोलायची, आणि हा वहीत त्यांच्या बोलण्याची चाल स्वरलिपीत उतरवून घ्यायचा. शब्द नव्हे, चाल. कोंबड्यांना बोलावणारी बाई, उधारी मागणारा दुकानदार, रडणारं मूल. त्याचं म्हणणं असं, की माणूस शब्दांत खोटं बोलू शकतो, चालीत नाही. अशा वह्याच्या वह्या त्यानं भरल्या. त्यातूनच त्याची ‘येनूफा’ ही ऑपेरा घडली. खेड्यातली माणसं खेड्यातल्या हेलात गातात ती. 1904 साली ती ब्रनो शहरात झाली. राजधानी प्राग मात्र बारा वर्षं दार उघडेना. प्रागमध्ये 1916 साली ती झाली तेव्हा यानाचेक 61 वर्षांचा होता. त्याची सगळ्यांत गाजलेली बरीच कामं त्यानंतरची आहेत. निवृत्त झालेल्या आपल्या सरांनी आणि बाईंनी ही नोंद घ्यावी.

‘येनूफा’ लिहून होत होती त्याच दिवसांत त्याची एकुलती एक उरलेली मुलगी ओल्गा आजारी होती. फेब्रुवारी 1903 मध्ये ती गेली, विशीत. त्या शेवटच्या दिवसांत ती अंथरुणावरून जे बोलत होती, त्याची चालसुद्धा बापानं वहीत उतरवून ठेवली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे क्रूर वाटलं. मुलगी जातेय आणि हा माणूस स्वर मोजतोय? आता तसं वाटत नाही.

माझे बाबा जाऊन तीन वर्षं झाली. तुम्ही सगळे त्यांना ओळखत होता. काहींनी त्यांच्या होडीतून फुकट संगम पाहिलाय. घरात फोटो भरपूर आहेत. आवाज मात्र एकच आहे. एका पावसाळ्यात मी पुण्याला परत गेले तेव्हा त्यांनी फोनवर पाठवलेला निरोप, अडतीस सेकंदांचा. “बाय, पोचलंस मां गो? हयसर पाऊस धरलो हा. दर्या खवळलो हा. तू काळजी करू नको. जेव आणि नीज.” एवढंच.

एका रविवारी मी तो निरोप आवाजाचा आलेख काढणाऱ्या एका मोफत सॉफ्टवेअरमध्ये घातला. माझ्या कामातला हा भाग मला येतो. पडद्यावर रेघ उमटली. ‘बाय’ खाली, जवळजवळ जमिनीवर. ‘पोचलंस’ एका पातळीत सरळ. आणि ‘मां’वर रेघ एकदम वर चढते, षड्जावरून पंचमाच्या आसपास जाते, आणि ‘गो’वर अर्ध्यात येऊन थांबते. आपल्या बोलीत हा ‘मां’ सारखा येतो. “जेवलंस मां?” “येतलंस मां?” प्रमाण मराठीत त्याला आपण ‘ना’ म्हणू. पण ‘ना’ सपाट आहे. ‘मां’ वर जातो आणि तिथे उत्तराची वाट बघत थांबतो. पुढच्या वाक्यांत बाबांचा आवाज सांगतो की काळजी करू नको. पण ‘दर्या खवळलो हा’ची रेघ नेहमीपेक्षा वर आहे, आणि ‘जेव आणि नीज’ला ती थरथरते. त्या रात्री पाणी पायरीपर्यंत आलं होतं, हे आईनं मला नंतर सांगितलं. यानाचेकचं म्हणणं मला त्या रेघेत दिसलं. शब्दांनी लपवलेलं चालीनं सांगितलं होतं.

तो निरोप मी आज इथे ऐकवणार नाही. तो घरचा आहे.

पण एक गोष्ट तुमच्यासमोर ठेवते. आपलं गाव म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे माडांची एक चिंचोळी पट्टी. दर पावसाळ्यात समुद्र थोडी आत येतो. आपण शाळेत असताना ज्या माडांच्या सावलीत डबा खायचो, त्यातले किती उभे आहेत ते आज सकाळी तुम्ही पाहिलंत. बंधारा घातला जातो, त्यासाठी भांडायलाही हवं, आणि गावातले लोक भांडतायत. दगडांचा बंधारा जमिनीसाठी होईल. आवाजासाठी बंधारा कोण घालणार? रापण ओढताना सगळ्यांनी मिळून द्यायची हाळी आता किती वेळा ऐकू येते? पेटी, पखवाज आणि झांजेवर रात्रभर चालणारा धयकालो आहे, पण सुरुवातीचा आड दशावतार आता कापून छोटा करतात. गणपतीच्या आरत्यांच्या आपल्या वाडीतल्या चाली शेजारच्या वाडीत वेगळ्या होत्या. आता सगळीकडे एकच, मोबाइलवरची. देवळातलं गाऱ्हाणं घालणारे आजोबा नव्वदीला आलेत. आणि आपल्या पोरांना मालवणी कळते, बोलता येत नाही.

आपल्या मराठीच्या बाई इथे बसल्या आहेत. बाई, तुम्ही सातवीत आम्हाला एक काम दिलं होतं. घरात बोलले जाणारे पण पुस्तकात नसलेले दहा शब्द प्रत्येकानं आणायचे, आजीला विचारून, तिच्याच उच्चारात म्हणून दाखवायचे. आम्ही हसत हसत केलं. आणलेले शब्द तुम्ही एका लांबट वहीत लिहून घेत होता. काल तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, वही अजून आहे. बाई, तुम्ही आमच्या हाल्व्होर्सन आहात, हे तुम्हाला आज इतक्या वर्षांनी सांगते.

त्या वहीत शब्द आहेत. आता आवाज जोडायचा. आपण एकोणचाळीस जण आलोय, प्रत्येकाच्या खिशात चांगल्या माइकचा फोन आहे. परत जाण्याआधी प्रत्येकानं आपल्या घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ वीस मिनिटं बसायचं. मुलाखत घ्यायची नाही. मुलाखत म्हटलं की आपली माणसं प्रमाण मराठी बोलायला लागतात आणि घसा खाकरतात. पंखा बंद करायचा, फोन उलटा ठेवायचा, आणि मासे कसे करायचे, वादळात होडी कशी आणली, कोणाचं लग्न कसं मोडलं असलं काहीतरी विचारायचं. कोण बोलतंय, कुठल्या वाडीतलं, कुठली तारीख, एवढं सुरुवातीला सांगायचं. फाइल माझ्याकडे पाठवा. त्यांना नावं देणं, नीट लावणं, दोन-तीन ठिकाणी जपून ठेवणं आणि शाळेला एक प्रत देणं ही जबाबदारी माझी. हे माझं रोजचंच काम आहे. घरच्यांची परवानगी मात्र आधी घ्या, आणि जे घरचं आहे ते घरीच राहू द्या.

पुढे यातून कोणी नाटक करेल, कोणी गाणं करेल, कदाचित कोणी सिंफनीसुद्धा करेल. कोणी काहीच केलं नाही तरी एखाद्या पोरीला तीस वर्षांनी कळेल, की तिच्या पणजीचा ‘मां’ किती वर जायचा.

जेवणाचा वास यायला लागलाय, आणि मागची रांग खरंच सरकली आहे. द्वोर्झाकची नववी, ग्रीगचा पियानो कॉन्चेर्तो, सिबेलियसची पाचवी आणि यानाचेकची ‘सिंफोनिएटा’ यांची यादी मी आपल्या ग्रुपवर टाकली आहे. रात्री घरातले सगळे झोपले की ऐका, दर्याचा आवाज मागे असू द्या.